परक्या पाकिटाची परीक्षा

चोरी करू नये, हे माळकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तुळशीची माळ गळ्यात पडली तेव्हाच परद्रव्य आणि परस्त्री वर्ज्य झाली. पण चोरी न करताच परद्रव्य हाती आले तर काय? कुलूप फोडले नाही, खिशात हात घातला नाही, कुणाला फसविले नाही. वाटेत पाकीट पडलेले दिसले आणि उचलले, एवढेच. अशा वेळी मन आपलेच वकीलपत्र घेते. चोराला निदान आपण चोर आहो हे ठाऊक असते. सापडलेल्या धनाचा मोह मात्र सज्जनाच्या वेषात येतो. म्हणून या पाठात त्याचाच विचार करू.

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून वेळापूरच्या मुक्कामी येते. गावाच्या अलीकडे धाव्याची जागा आहे. तुकोबारायांना येथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. म्हणून आजही दिंड्या त्या उतारावरून नाम घेत धावत सुटतात. एरवी काठी टेकीत चालणारे म्हातारेसुद्धा धोतराचा सोगा धरून पळतात. अशा धावण्यात कमरेची चंची सुटते, बंडीच्या खिशातले पाकीट उडते, चष्मा पडतो. मागून हजारो पावले येत असतात. ज्याचे पडले त्याला मागे वळता येत नाही आणि ज्याला सापडले त्याला धनी दिसत नाही. परीक्षा सुरू होते ती इथेच.

या अडचणीची सोय आपल्या सोहळ्यातच आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला शिस्त लावून दिली. मुक्कामी पोचल्यावर तळावर समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चालतो. चोपदार दंड उंच करतात आणि तो एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते, मग तिचे म्हणणे ऐकून घेतात. त्याच मेळ्यात हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते. वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. ज्याची वस्तू त्याला देण्याचे काम आपल्या वडीलधाऱ्यांनी आरतीच्या मेळ्यातच बसविले. ते भजनाबाहेरचे काम मानले नाही.

आता मनातल्या शंका एकेक घेऊ.

शंका पहिली : सोने आणि माती आम्हाला सारखीच. मग पाकिटाला हात तरी कशाला लावावा? पडू द्यावे तिथेच.

समाधान : राका कुंभार आणि त्याची बायको बांका यांची कथा कीर्तनात सांगतात. रानच्या वाटेवर सोने पडलेले राकाला दिसले. मागून येणाऱ्या बायकोला मोह होईल म्हणून त्याने त्यावर माती लोटली. ती म्हणाली, अहो, मातीवर माती कशाला टाकता? बाईचे वैराग्य नवऱ्याहून एक पाऊल पुढे गेले. पण ते सोने देवाने परीक्षेसाठी ठेवलेले होते, त्याला रडणारा धनी नव्हता. वाटेवरच्या पाकिटाला धनी असतो. त्यात कुणी उसने घेतलेले वाटखर्चाचे पैसे असतात, आधार कार्ड असते, दवाखान्याची चिठ्ठी असते. ते धन आपल्याला माती असेल, त्या म्हातारीला ती घरी परतायची वाट आहे. आपल्या धनाला माती म्हणावे ते वैराग्य. दुसऱ्याच्या धनाला माती म्हणून पुढे जाणे हा नुसता आळस.

शंका दुसरी : घरी अडचण आहे. माउलीनेच दिले म्हणावे, तर काय बिघडले?

समाधान : माउलीला तुम्हाला द्यायचेच असेल, तर ती दुसऱ्या लेकराच्या पानातले काढून देणार नाही. आई अशी वाटणी करीत नाही.

शंका तिसरी : आम्ही स्वतःसाठी एक पै ठेवीत नाही. ते पैसे देवाच्या पेटीत टाकतो, नाहीतर अन्नदानाला देतो.

समाधान : हा मोह सर्वांत सोवळा, म्हणून सर्वांत फसवा. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण परंपरा त्याच्या आधी एक गोष्ट सांगते. त्यांनी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याच्या हवाली केला आणि बुडविली ती फक्त आपल्या वाट्याची. वैराग्य केवढे, पण भावाच्या कागदाला पाणी लागू दिले नाही. नामदेवरायांची कथाही अशीच. परिसा भागवताचा परीस त्यांनी चंद्रभागेत टाकला. परिसा आपली वस्तू मागत आला, तेव्हा नामदेवांनी पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढले. ते सगळेच परीस निघाले. माझ्या मते ते तुच्छ होते, एवढे म्हणून नामदेव सुटले नाहीत. मागणाऱ्यापुढे ओंजळ भरून धरावी लागली. जे आपले नाही त्याचे दान होत नाही.

शंका चौथी : देणारच आहो, पण उद्या बघू.

समाधान : पाकीट उचलताना मन स्वच्छ असते. रात्रभर ते उशाखाली राहिले की सकाळी थोडे आपलेसे वाटू लागते. कायद्यानेही हे ओळखले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत उदाहरणच होते : एकाच्या हातून पैशाची थैली पडताना दुसऱ्याने पाहिली, परत देण्याच्या हेतूने उचलली, पण पुढे आपल्यासाठी वापरली, तो गुन्हेगार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३१४ मध्ये आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७१ सांगते की, सापडलेली वस्तू जो आपल्याकडे घेतो त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. म्हणजे उचलले त्या क्षणी तुम्ही मालक झाला नाहीत, राखणदार झालात.

शंका पाचवी : आम्ही दिले तरी जग कुठे देते?

समाधान : जग तितके वाईट नाही. काही संशोधकांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० हून अधिक पाकिटे हरवल्याचा बहाणा करून कचेऱ्या, बँका, हॉटेले अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली. आपला भारतही त्यात होता. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पैसे नसलेली पाकिटे शंभरात सुमारे ४० परत आली, पैसे असलेली सुमारे ५१. पैसे असले तर लोक ठेवून घेतील असे वाटले होते, झाले उलटे. दोन कारणे त्यांनी दिली : दुसऱ्याच्या नुकसानीची कळकळ, आणि आपणच आपल्याला चोर म्हणावे लागू नये ही धडपड. आपल्या भाषेत पहिली भूतदया, दुसरी आत बसलेल्या विठ्ठलाची लाज.

मग करावे काय? सापडताच सोबतच्या एकाला साक्षीला घ्यावे. आत नावपत्ता मिळतो का तेवढे पाहावे, पैसे चारचौघांत मोजीत बसू नये. त्याच दिवशी आपल्या दिंडीप्रमुखांकडे द्यावे, चोपदारांकडून पुकारून घ्यावे किंवा पोलिसांच्या मदत केंद्रात जमा करावे. पुकारताना ‘एक पाकीट सापडले’ एवढेच सांगावे. रंग, रक्कम, आतले कागद बोलू नयेत. मोबाईलवर त्याचे फोटो फिरवू नयेत. जो ‘माझं हाय’ म्हणत येईल त्यालाच खुणा विचाराव्या. ही रीत आजची नव्हे. मनुस्मृतीच्या ८ व्या अध्यायात धनी न सापडलेली वस्तू राजाने ३ वर्षे सांभाळावी आणि मागणाऱ्याला तिचे रूप व संख्या विचारून खात्री करावी, असे सांगितले आहे. धनी बक्षीस देऊ लागला तर घेण्यात पाप नाही. पण मागू नये आणि त्यासाठी वस्तू अडवून धरू नये.

वेळापूर सोडले की ठाकुरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, मग भंडीशेगाव, वाखरी, आणि पुढे पंढरी. गर्दीत कुणाला पायाचे दर्शन मिळेल, कुणाला कळसाचेच. पण पाकीट हाती पडल्यावर ज्या म्हातारीचे डोळे भरून येतात, तिला ‘माउली, हे तुमचं, बघून घ्या’ म्हणून वाकणाऱ्याला दर्शनबारीत उभे राहण्याआधीच काहीतरी मिळालेले असते. ते त्याने मोजू नये. टाळ उचलावा आणि चालू लागावे.

रामकृष्णहरी.