स्वमग्न मूल घरात वाढताना



जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेली होती. हे प्रमाण धरले तर पाच हजार वस्तीच्या धर्मग्रामात अशा सुमारे ४० व्यक्ती असतील. रविवारच्या मिस्साला त्यांतल्या किती आपल्या नजरेस पडतात? बाकीच्या बहुधा घरीच असतात आणि त्यांच्यासोबत कुणीतरी, बहुतेक वेळा आई, घरी थांबलेली असते. म्हणूनच या रविवारच्या पाठात आपण अशा घरातला रोजचा दिवस समजून घेऊ या.

नावामुळे होणारा गैरसमज

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून बालपणातील ऑटिझमची वेगळी ओळख झाली. हा शब्द ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मराठीत आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. नाव ऐकून वाटते की हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला बाहेरचे कुणी नको आहे. परंतु अनेकदा वस्तुस्थिती उलट असते. बाहेरचे जग त्याच्यापर्यंत फार जोराने पोहोचते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारातले एक सूत्र शिकवले गेले. त्याचा आशय असा की, जे दिले जाते ते घेणारा आपापल्या रीतीनेच घेतो. विहीर एकच असली तरी घागरीत घागरीएवढे पाणी येते आणि तांब्यात तांब्याएवढे. स्वमग्न मुलाला समजून घ्यायला हे सूत्र फार उपयोगी पडते.

सकाळपासून रात्रीपर्यंत

कुकरची शिट्टी आपल्याला जेवणाची आठवण देते, या मुलाला ती कानात खुपल्यासारखी वाटू शकते. मिक्सर सुरू होताच ते कान झाकून पळते. कॉलरमागचे लेबल त्याला दिवसभर टोचत राहते. टूथपेस्टची चव सहन होत नाही म्हणून दात घासणे ही रोजची लढाई होते. काही मुले महिनोन्महिने फक्त भात आणि एकच ठरावीक पदार्थ खातात, तोही त्याच ताटात. रस्ता खणला म्हणून रिक्षा दुसऱ्या गल्लीतून गेली तर सारा दिवस विस्कटतो. रात्री झोप उशिरा लागते आणि पहाटे मोडते. आईवडिलांचीही तीच गत होते.

अशा वेळी मूल किंचाळते, जमिनीवर अंग टाकते. पाहणारा म्हणतो, “लाडावून ठेवलाय!” हट्ट आणि हा उद्रेक यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल आपल्याकडे कुणी पाहते का यावर लक्ष ठेवते आणि हवे ते मिळाले की शांत होते. या मुलाला खाऊ दिला तरी रडणे थांबत नाही, कारण त्याला काही मिळवायचे नसते. सोसण्याची हद्द संपलेली असते. त्याला शांत जागा, कमी शब्द आणि वेळ यांची गरज असते.

घरात काय उपयोगी पडते?

पहिली गोष्ट म्हणजे दिवसाचा क्रम डोळ्यांना दिसू देणे. दात घासणे, आंघोळ, नाश्ता, चपला, शाळा अशी चित्रे ओळीने भिंतीवर लावावीत आणि काम झाले की ते चित्र काढून घ्यावे. पुढे काय होणार हे कळले की भीती कमी होते. बदल होणार असेल तर तोही आधी चित्राने दाखवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे थोडे बोलणे आणि थांबणे. “बूट घाल” एवढेच म्हणावे आणि पुन्हा सांगण्याआधी मनात दहा अंक मोजावेत. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असे मानू नये. चित्र दाखवून मागायला शिकवल्याने मूल बोलायचे थांबेल ही भीतीही निराधार आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. “घरात फक्त इंग्रजीच बोला” असा सल्ला पुष्कळ पालकांना मिळतो आणि आजीची बोली मुलापासून तुटते. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे नुकसान होते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. आजीने आपल्या बोलीत जरूर बोलावे.

दोष कुणाचा?

एके काळी डॉक्टरसुद्धा आईच्या थंड वागण्याला दोष देत. १९६४ साली मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी हे मत आपल्या पुस्तकात खोडून काढले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. गोवराच्या लसीला दोष देणारा १९९८ चा लेख संबंधित नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आणि “कुणाच्या पापामुळे?” हा प्रश्न जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभू येशूला विचारला होता. त्याच्याही नाही आणि त्याच्या आईवडिलांच्याही नाही, असे प्रभूचे उत्तर होते. तरीही आपल्या अंगणात हा प्रश्न अजून विचारला जातो.

वेळ दवडू नये

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर “मुलगे उशिराच बोलतात” असे म्हणत थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात लहान मुलांच्या तपासणीची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. स्वमग्नता समूळ बरी करणारे औषध नाही. तसा दावा करणाऱ्याला पैसे देण्याआधी दहादा विचार करावा.

शेजाऱ्यांचे काम

अनेक स्वमग्न मुले नजर चुकवून घराबाहेर पडतात आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. आपल्या वसईत विहिरी आहेत, बावखले आहेत, खाडी आहे. असे मूल हरवल्यास सर्वप्रथम पाण्याकडे धावावे. ते हाकेला ओ देईलच असे नाही. म्हणून वाडीतल्या प्रत्येकाला त्याचा चेहरा आणि घर माहीत असले पाहिजे. मूल लपवून ठेवले तर त्याला कुणी ओळखणार नाही आणि आपण टोमणे मारले तर आईबाप ते लपवूनच ठेवतील. दोन गोष्टींचा संबंध असा सरळ आहे.

चर्चमध्येही तसेच. घंटा, माईक आणि गर्दी यांमुळे मूल अस्वस्थ झाले तर कुटुंबाने दाराजवळ बसावे, बाहेर जावे, पुन्हा आत यावे. कुणी मागे वळून पाहू नये. मिस्सा पूर्ण जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी ओस्तीच्या स्पर्शाची व चवीची सवय व्हावी म्हणून अभिषेक न झालेल्या ओस्तीने सराव करता येतो. त्यासाठी आमच्याकडे यावे. २०२० साली रोमहून प्रसिद्ध झालेली धर्मशिक्षणाची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते की, दिव्यांग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत असे मूल आहे का? त्याचे नाव आपल्याला माहीत आहे का?

२. त्याच्या आईला आठवड्यातून एक तास मोकळा मिळावा म्हणून आपल्यापैकी कोण जाऊन बसेल?

३. लग्नाचा बँड किंवा फटाके त्या घरासमोर वाजवायचे असतील, तर आदल्या दिवशी त्यांना कोण कळवेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चर्चेतच नावानिशी ठरवावे, ही विनंती.

आपले धर्मगुरू