मोठ्या संख्येची पारख : मूर्तिजापूरच्या पिन क्रमांकावरून एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवीकरिता)

मोठी संख्या फळ्यावर मांडली म्हणजे विद्यार्थी ती वाचून दाखवितात व तेथेच थांबतात. परंतु संख्या वाचता येणे निराळे आणि तिचे गुणधर्म ओळखता येणे निराळे. याकरिता मुलांच्या परिचयाची संख्या घ्यावी. मूर्तिजापूरच्या पत्रांवर ४४४१०७ हा पिन क्रमांक लिहितात. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. मुलांनी हा क्रमांक प्रथम ‘चार लक्ष चव्वेचाळीस हजार एकशे सात’ असा वाचावा.

पहिली पायरी : कसोट्या. एकंस्थानी ७ आहे. म्हणून २ व ५ यांनी भाग जात नाही. अंकांची बेरीज २० येते. म्हणून ३ नेही नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा १२ व ८, फरक ४. म्हणून ११ नेही नाही. ७ ने भागल्यास बाकी ६ उरते, १३ ने १, १७ ने १६ व १९ ने पुन्हा १. येथवर आल्यावर बहुतेक मुले ‘ही मूळ संख्या आहे’ असे सांगून पाटी खाली ठेवतात. शिक्षकांनी उत्तर न देता २३ ने भागावयास सांगावे. भाग निःशेष जातो :

४४४१०७ = २३ × १९३०९

म्हणजे संख्या संयुक्त ठरली. ‘अवयव सापडला नाही’ व ‘अवयव नाही’ या दोन विधानांतील अंतर मुलांच्या मनावर ठसविण्याची हीच वेळ होय.

दुसरी पायरी : शोध कोठवर ? संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. १३९ चा वर्ग १९३२१, म्हणजे १९३०९ हून अधिक. म्हणून १३७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरे. एकीनेही भाग जात नाही. यास्तव १९३०९ ही मूळ संख्या होय. मुलांच्या तुकड्या पाडून हे काम वाटून द्यावे.

तिसरी पायरी : हर्षद संख्या. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अध्यापन सांभाळून संख्यांचा व्यासंग केला. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणाऱ्या संख्येस त्यांनी ‘हर्षद’ म्हणजे आनंद देणारी हे नाव दिले. ४४४१०७ ही विषम, तर तिच्या अंकांची बेरीज २० सम; म्हणून भागाकार न करताच ती हर्षद नाही हे कळते. परंतु तिच्या दोन्ही शेजारणी पाहाव्या :

४४४१०६ = १९ × २३३७४ (अंकांची बेरीज १९)

४४४१०८ = २१ × २११४८ (अंकांची बेरीज २१)

दोन्ही हर्षद आहेत !

स्वाध्याय. प्रत्येक मुलाने आपल्या गावाचा पिन क्रमांक घेऊन तो मूळ की संयुक्त, हर्षद आहे की नाही, हे ठरवावे. उत्तराबरोबर कारण लिहिलेले असेल तरच ते ग्राह्य धरावे.