साइन ऑफ झाल्यावर

करावे गाव, नेरूळ

सोन्या,

ताई, म्हणजे तुझी आई, काल सांगत होती, तू व्हॉट्सअॅपवर लिहिलंस म्हणे, की आता घरी यायला नको वाटतं, इथे मला कोणी ओळखत नाही तेच बरं. ती घाबरली. मी नाही घाबरलो. पहिल्या लांब काँट्रॅक्टमध्ये बहुतेकांचं हे होतं. फक्त त्याचा अर्थ लावायची घाई करू नकोस.

जहाजावर तुला कोणी आडनाव विचारत नाही, आणि बापाला गेलेल्या शेताच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट कुठे मिळाला हेही नाही. रॉटरडॅमला तू 'इंडियन', ब्रिजवर 'कॅडेट'. मोकळं वाटतं, हाच आपण खरे असं वाटायला लागतं. पण बाबा, तो 'मी'सुद्धा दुसऱ्यानेच दिलेला आहे. मेसमध्ये कुठल्या खुर्चीवर बसायचं ते खांद्यावरच्या पट्ट्या ठरवतात. डेकवरच्या खलाशांचा सारंग वयाने बापाएवढा असला तरी उद्या तू थर्ड मेट झालास की तुला साब म्हणेल. आणि आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला, की आयकरवाल्यांच्या लेखी तू अनिवासी. ते अनिवासीपण कर वाचवायला ठेव, मनाला लावून घेऊ नकोस.

मी जहाजावर असताना माझ्या केबिनमध्ये सुक्या बोंबलांची पुडी असायची. स्वयंपाकघरातल्या भंडाऱ्याला पटवून एकदा ते भाजून घेतले. वास सुटला तसा युक्रेनचा सेकंड इंजिनियर नाक दाबून ताट घेऊन बाहेर गेला, आणि फिलिपिनो फिटर भाताची ताटली पुढे करून बसला. त्याच्या गावीही मासळी अशीच वाळत घालतात. घरी असताना ज्या वासाची मला शाळेतल्या पोरांपुढे लाज वाटायची, त्याचा अभिमान वाटावा असं त्या दिवशी काही घडलं नाही. लाज मात्र गेली.

बाबासाहेबांचं उदाहरण देतो. बरोबरी करत नाही, ती कोणाचीच होणार नाही. १९१३ ला ते कोलंबिया विद्यापीठात गेले, मग लंडन. तिथल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९१७ ला नोकरीसाठी बडोद्याला उतरले आणि राहायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरावं लागलं. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. अशा माणसाने परत परदेशी जाऊन तिथेच राहायचं ठरवलं असतं, तर कोण काय बोललं असतं? ते पुन्हा लंडनला गेलेही, पण अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते एकटे नव्हते, हजारो लोक बरोबर होते. परदेशात जे एकट्याला मिळालं होतं, ते त्यांनी इथे सगळ्यांसाठी मागितलं. मला त्यांच्या डिग्र्यांपेक्षा हे मोठं वाटतं.

तुझ्यापुढचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे, पण आहे. सुट्टीत चुलतभावाची हळद आहे. डीजे, दारू, कर्ज काढून मंडप. पूर्वी तू त्यात नाचायचास, आता तुला ते खटकेल. खटकलं तर सिंगापूरहून स्टेटस टाकू नकोस. अंगणात काकांसमोर बसून, आपल्या आगरीत बोल. ते रागावतील, 'शिकून शाणा झालास' म्हणतील. ऐकून घे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिले पंधरा दिवस मात्र कशावरच मत देऊ नकोस, आणि जेवताना 'तिकडे असं नसतं' हे तर अजिबात नाही.

आणखी एक. आजोबांनी कधी पासपोर्ट काढला नाही म्हणून त्यांना जग ठाऊक नाही असं समजू नकोस. नवी मुंबई वसवायला १९७० ला सिडको आली, शेत गेलं, आणि माणूस राहत्या घरात परका झाला. तुझ्यासारखे कॅडेट जिथे घडतात ते चाणक्य आपल्या गावाला लागूनच आहे, पण आजोबांना त्याच्या गेटवर थांबवून 'कोण तुम्ही' विचारतात. जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी दि. बा. पाटलांनी उभारलेल्या आंदोलनात उरणकडे गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा ते तिथे होते. आपण कोण हा प्रश्न त्यांना कुठेही न जाता पडला होता. त्यांना विचार. मला ते कधी नीट सांगत नाहीत, तुला कदाचित सांगतील.

पुढच्या वेळी साइन ऑनला बहुतेक उलव्याच्या नव्या विमानतळावरूनच जाशील. निघताना सामान कमी घे, बोंबील मी बांधून देईन. आणि ताईला आजच फोन कर, मेसेज नको.

तुझा,
मामा