मुखपरीक्षा आणि प्राथमिक आरोग्यसेवा : निपाणी परिसरातील मिश्रीचा प्रश्न

दातांचे आरोग्य हे सर्वसाधारण आरोग्याचेच एक अंग होय, हे तत्त्व सर्वमान्य आहे. व्यवहारात मात्र दाताचा आजार हा ज्याचा त्याने सोसावयाचा आजार समजला जातो. ताप आला, जुलाब झाले, तर ग्रामस्थ प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरतात. दाढ ठणकू लागली, तर प्रथम लवंग, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर तंबाखूची मिश्री असा क्रम चालतो. सर्व उपाय थकल्यावर रुग्ण दंतवैद्याकडे जातो, तेव्हा बहुधा दाढ उपटण्यावाचून दुसरा मार्ग उरलेला नसतो.

बेळगावी जिल्ह्यातील निपाणी परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. वेदगंगा व दूधगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील हा भाग तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. शेतातील पीक, गावातील वखारी आणि घरोघर चालणारा विडीचा धंदा यांवर येथील असंख्य संसार उभे राहिले. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनाने हे अवलंबित्व साऱ्या देशाच्या नजरेस आणून दिले. ज्या पानावर पोट चालते, तेच पान तव्यावर भाजून दाताला लावले जाते, ही या भागातील दंतारोग्याची खरी अडचण आहे.

दंतरोगाचे मूळ

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जंतू वास करतात. खाल्लेल्या साखरेवर व पिठूळ पदार्थांवर हे जंतू वाढतात आणि आम्ल निर्माण करतात. या आम्लाने दाताच्या कठीण आवरणातील क्षार विरघळतात. लाळ ही झीज काही प्रमाणात भरून काढते. परंतु गोड चहा, बिस्किटे, गोळ्या यांचा मारा दिवसभर चालू राहिला, तर लाळेला तेवढा अवसर मिळत नाही आणि दात किडतो. फ्लोराइडयुक्त पेस्टमुळे दाताचे आवरण अधिक टणक होते व आरंभीची झीज भरून येण्यास साहाय्य होते. हाच चिकट थर हिरड्यांच्या कडेला साचला, की हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते आणि कालांतराने दात हलू लागतात. मधुमेही व्यक्तींत हा विकार अधिक बळावतो. गर्भवती स्त्रियांच्या हिरड्याही सहज सुजतात.

हे दोन्ही आजार बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहेत. आरंभी ते दुखत नाहीत, म्हणून ते शोधावे लागतात. प्रतिबंधक दंतसेवेचे सारे मर्म या एका वाक्यात सामावलेले आहे.

मिश्रीचे दुहेरी रूप

तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून त्यांची पूड केली, की मिश्री तयार होते. काही ठिकाणी तिला मशेरी म्हणतात. ती बोटाने दातांवर व हिरड्यांवर घासतात आणि काही वेळ तोंडात धरून थुंकून टाकतात. दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या सीमाभागात ही सवय प्रामुख्याने स्त्रियांमध्ये आढळते. विडी ओढणारी बाई लोकांच्या डोळ्यांवर येते. मिश्री लावणारी बाई मात्र दात घासत असते. त्यामुळे ही सवय व्यसन म्हणून ओळखलीच जात नाही.

बहुधा या सवयीचा आरंभ दातदुखीपासून होतो. तंबाखूतील निकोटिनमुळे क्षणभर बधिरपणा व तरतरी वाटते आणि ठणका कमी झाल्यासारखा भासतो. ठणका थांबला तरी कीड थांबत नाही. ती आत चालूच राहते. दरम्यान शरीराला निकोटिनची सवय जडते. सकाळी एकदा लावली जाणारी मिश्री दिवसातून चार-पाच वेळा लागू लागते, आणि तिच्यावाचून पोट साफ होत नाही, डोके धरते, अशी तक्रार सुरू होते. जेथे पूड ठेवली जाते तेथील हिरडी खाली सरकते. काहींच्या तोंडात पांढरे चट्टे उमटतात आणि अशा चट्ट्यांपैकी काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते.

या विषयाचा अभ्यास आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखाची तपासणी करून निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. मुंबईत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूररहित तंबाखू, मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या मातांची बालके सरासरीने १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मल्याचे दिसून आले. अर्थात, मिश्रीचा प्रश्न मातेच्या तोंडापुरता मर्यादित नाही.

१९९२ साली केंद्र शासनाने टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. त्यामुळे दुकानातील डबीला आळा बसला. परंतु घरच्या चुलीवर भाजलेल्या पानापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आरोग्य कर्मचाऱ्याचाच शब्द पोहोचू शकतो.

तज्ज्ञावाचून तपासणी शक्य आहे काय?

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नाही, मग दंतसेवा कशी देणार, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर केरळातील अनुभवाने दिले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या प्रयोगात, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी मुखपरीक्षा केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्यापूर्वी एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू सेवकांवर झालेल्या, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, पद्धतशीर समजावणीमुळे लोक तंबाखू सोडतात व पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटते, हे दाखवून दिले होते.

शासकीय चौकटही आज उपलब्ध आहे. २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत ३० वर्षांवरील व्यक्तींची मुखपरीक्षा समाविष्ट आहे. २०१८ पासून आरोग्य व स्वास्थ्य केंद्रांच्या सेवांत मौखिक आरोग्याला स्थान मिळाले. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेनेही मौखिक आरोग्य प्राथमिक सेवेत सामावून घेण्याचा ठराव केला. उरते ते हे काम रोजच्या बाह्यरुग्ण विभागाच्या अंगवळणी पाडणे.

केंद्रात करावयाची कामे

पहिले काम, तोंड पाहणे. रक्तदाब वा साखर तपासावयास आलेल्या, तसेच गर्भवती म्हणून नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला चूळ भरावयास सांगून विजेरीच्या प्रकाशात ओठ, गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जीभ व जिभेखालचा भाग पाहावा. यास दोन मिनिटे पुरतात. पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पुरेसे न उघडणे यांपैकी काही आढळल्यास रुग्णास विनाविलंब पुढे पाठवावे.

दुसरे काम, विचारणे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल; कारण ती खात नाही, लावते. म्हणून ‘आक्का, दात कशाने घासता? मिश्री कधीपासून लावता? कशासाठी धरलीत?’ असे आपुलकीने विचारावे. उत्तर दातदुखी असे आले, तर उपचाराची दिशा तेथेच सापडते.

तिसरे काम, वेदनेचे मूळ दूर करणे. किडलेला दात वेळेवर भरला, तर मिश्रीचे निमित्तच नाहीसे होते. यंत्राविना हाताच्या हत्याराने कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची पद्धत खेड्यातही वापरता येते. हे सिमेंट, फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि कीड रोखणारे चांदीयुक्त फ्लोराइडचे द्रावण यांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे. भरण्याचे काम फिरत्या शिबिरात अथवा समुदाय आरोग्य केंद्रात दंतवैद्याने करावे. मात्र रुग्ण निवडून पाठविण्याचे काम प्राथमिक केंद्राचे आहे.

चौथे काम, पाठपुरावा. मिश्री सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे कठीण जातात. चिडचिड व बद्धकोष्ठ ही लक्षणे तात्पुरती आहेत, हे आधीच सांगावे. भरपूर पाणी, पालेभाज्या, आणि घासण्यासाठी ब्रश व पेस्ट सुचवावी. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत चौकशी करावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवरही विनामूल्य सल्ला मिळतो.

पाचवे काम, पुढील रुग्णालयाशी दुवा. निपाणीहून बेळगावी सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. तेथे जिल्हा रुग्णालय, तसेच १९८५ साली स्थापन झालेले केएलई संस्थेचे दंतवैद्यक महाविद्यालय आहे. वखारीत रोजावर जाणाऱ्या स्त्रीला या प्रवासासाठी एका दिवसाचा रोज बुडवावा लागतो. म्हणून कोणत्या वारी, कोणत्या विभागात, कोणती कागदपत्रे घेऊन जावे, हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे. ही चिठ्ठी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत असावी.

समारोप

तंबाखूच्या गावात तंबाखूविरुद्ध बोलणे म्हणजे लोकांच्या पोटावर बोलणे, असा समज होण्याचा संभव असतो. दंतसेवेच्या मार्गाने जाणाऱ्या कर्मचाऱ्याला ही अडचण भासत नाही. तो पिकाविषयी बोलत नाही, दुखणाऱ्या दाढेविषयी बोलतो. दुखण्यावर खरा उपाय गावाजवळ मिळाला, की खोट्या उपायाची गरज आपोआप कमी होते. ज्या मुलीची पहिली दाढदुखी आरोग्य केंद्रात बरी होईल, तिला आईच्या डबीतील पूड दाताला लावण्याचे कारण उरणार नाही. त्या दृष्टीने केंद्रातील प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने, परिचारिकेने व आशा कार्यकर्तीने रुग्णाची नाडी पाहताना त्याचे तोंडही पाहण्याचा परिपाठ ठेवणे इष्ट होय.