जुन्या एमजीबीला कोणती बॅटरी?

प्रश्न : माझी १९६५ची एमजीबी भिवंडीतल्या गोदामात उभी असते. सीटमागच्या दोन जुन्या बॅटऱ्या गेल्या आहेत. आता काय बसवू? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : या गाडीत मुळात ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. त्यांऐवजी १२ व्होल्टची एक चालेल. मात्र खणाची लांबी, रुंदी, उंची मोजूनच दुकानात जा. बॅटरी सीटमागे असल्यामुळे सीलबंद एजीएम निवडा. साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी ज्वलनशील हायड्रोजन सुटतो.

खरेदीआधी अर्थची वायर तपासा. १९६७पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेले असे. पुढे कुणी ते बदललेलेही असू शकते. म्हणून ‘आधी निगेटिव्ह काढा’ हा नेहमीचा सल्ला इथे डोळे झाकून पाळू नका. जी वायर बॉडीला जाते ती आधी काढायची आणि शेवटी जोडायची. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

खणातला गंज खरवडून रंग द्या, तळाशी रबर घाला. बॅटरी हाताने हलवून हलता कामा नये, इतकी पट्टी आवळा. पण आवरण दबेल इतकी नको. पट्टी टर्मिनलपासून दूर ठेवा आणि टर्मिनलवर रबरी टोप्या चढवा.

पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल तर कट-ऑफ स्विच बसवा. व्होल्टेज १२.४च्या खाली गेले की चार्ज करा. जुन्या बॅटऱ्या भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्या.