मोबाईल काढून घेण्याआधी

आईबाबांनो, आपली लेक उद्या समोर येऊन म्हणाली, "कुणीतरी माझा चेहरा लावून घाणेरडा फोटो बनवलाय आणि तो इन्स्टाग्रामवर फिरतोय," तर तुमच्या तोंडून पहिलं काय निघेल? बऱ्याच घरांत उत्तर ठरलेलं असतं. "तरी सांगत होतो, फोटो टाकत जाऊ नकोस. दे तो मोबाईल इकडे!"

त्या रागामागची भीती मला कळते. पण त्याचा फायदा होतो फोटो बनवणाऱ्याला, आणि तो दाखवत राहणाऱ्या कंपनीलाही.

कसा, ते सांगते. लोकांनी काय टाकलं याचा दोष सहसा सोशल मीडिया कंपनीवर येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तिला संरक्षण देतं. पण त्याला अटी आहेत. २०२१च्या नियमांनुसार नग्न, लैंगिक किंवा चेहरा जोडून बनवलेल्या चित्राची तक्रार आली, की कंपनीने ते हटवायलाच हवं. त्यासाठी आधी २४ तास होते, पुढे मुदत आणखी कमी झाली. नियम पाळला नाही तर कंपनीचं संरक्षण जाऊ शकतं. तक्रार मुलीनेच करावी असंही नाही. तिच्या वतीने तुम्ही करू शकता.

म्हणजे ही मुदत तक्रारीपासून सुरू होते. लेक तुमच्या धाकाने आठवडाभर गप्प राहिली, तर तो आठवडा कंपनीला फुकट मिळाला.

म्हणून आधी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." मग तिच्या शेजारी बसून लिंक, अकाउंटचं नाव, तारीख, वेळ टिपून घ्या. ॲपमध्ये रिपोर्ट करा, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, आलेलं उत्तर जपून ठेवा. दाद लागली नाही, तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. गुन्ह्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करा. लेक अठराच्या आतली असेल तर पॉक्सो कायदाही आहे. मात्र ते चित्र "बघा, काय केलंय" म्हणून नातेवाइकांना पाठवू नका.

आता मुलग्यांच्या आईबाबांशी थोडं. "मी फक्त फॉरवर्ड केलं" ही सबब कायद्यात चालत नाही. लैंगिक कृत्याचं चित्रण पुढे पाठवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आपल्या मुलाला स्पष्ट सांगा. शिवाय कंपनी हटवते ती तिच्याकडची पोस्ट. वर्गाच्या ग्रुपवर आलेली प्रत पोरांच्या मोबाईलमध्येच राहते. ती पुढे जाऊ द्यायची नाही, आणि ग्रुपमध्ये "हे थांबवा" असं म्हणायचं, हे त्याला घरातूनच शिकवावं लागेल.