बंद घरातल्या कूलरची किल्ली कुणाकडे?

भोपाळात मार्च संपत आला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. 2020 साली नेमकी तेव्हाच, 25 मार्चला, टाळेबंदी लागली. एम. पी. नगरात कोचिंगसाठी राहिलेली मुलं गावी परतली, दुकानांना कुलपं लागली. आपण सगळे हात धुण्यात गुंतलो होतो. बंद खोल्यांमधलं साचलेलं पाणी ओतणार कोण?

देशात त्या वर्षी डेंग्यूचे 44,585 रुग्ण नोंदले गेले, 2021 मध्ये 1,93,245. पहिला आकडा लहान, म्हणून डास कमी होते असं समजू नका. तापाचे रुग्ण दवाखान्यात यायलाच घाबरत होते आणि आले तरी तपासणी व्हायची ती कोरोनाची. मलेरियाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये सेवा विस्कळीत झाल्यामुळे जगभरात सुमारे 47,000 जण जास्त दगावले. एक साथ आली म्हणून दुसरी रजेवर जात नाही.

डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. 2018 मध्ये भोपाळ, विदिशा, सिहोर भागात झिका पसरला, तोही याच डासामुळे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी टाकीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने टिकतात. त्यामुळे पाणी नुसतं ओतून भागत नाही, टाकी घासावी लागते. धुराची गाडी उडते डास मारते, पाण्यातल्या अळ्यांना त्याचं काही नाही.

म्हणून पुन्हा कधी साथीत घरी बसायची वेळ आली, तर एवढं सांभाळा.

अळ्या तपासायला आलेल्या कर्मचाऱ्याला दारातून परत पाठवू नका. दोघांनी मास्क लावा, खिडक्या उघडा, तुम्ही दुसऱ्या खोलीत थांबा. त्याला पाच मिनिटं पुरतात. घरात कुणी विलगीकरणात असेल तर कर्मचाऱ्याला तसं आधीच सांगा आणि टाक्या स्वतः तपासा.

आठवड्यातला एक वार ठरवा. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, गच्चीवरचे टायर, सगळं रिकामं करून घासा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवं.

ताप आला तर डॉक्टरांना डेंग्यूबद्दलही विचारा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 तपासणी उपयोगी पडते. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणखी एक. कोरोनाने आपल्याला बोटावरच्या ऑक्सिमीटरवर विसंबायला शिकवलं. डेंग्यूत ऑक्सिजन 98 असतानाही रुग्ण गंभीर असू शकतो. ताप उतरताना पोट दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा माणूस गळून गेला, तर साथ असो-नसो, लगेच रुग्णालय गाठा.

या रविवारी आपला कूलर घासून उन्हात वाळवा. मग शेजारच्या कुलूपबंद घराची किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा. एडिस फार लांब उडत नाही, पण भिंतीपलीकडून तुमच्याकडे सहज येतो.